राजा चौथ्या पायरीवर

दसऱ्याच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दोघांनी मिळून राजाला झोपवलं. बायकोने आणि मी एकत्र केलेलं शेवटचं साधं काम ते.

राजा लाकडाचा. वीतभर उंच, लाल फेटा, रंगवलेल्या मिशा. राणी त्याच्याहून बोटभर बुटकी. ही जोडी बायकोला तिच्या आईने लग्नात दिलेली. आमच्या बेंगळुरात मुलीला अशी जोडी देतातच. नवरात्रात घरात लाकडी पायऱ्या मांडायच्या, त्यांवर बोंबे, म्हणजे बाहुल्या, उभ्या करायच्या. नऊ दिवस पेटेतल्या, म्हणजे पेठेतल्या, बायका कुंकवाला येणार, बाहुल्या बघणार, उसळ खाऊन जाणार. दसऱ्याला संध्याकाळची आरती झाली की एक बाहुली आडवी करायची. एक झोपली म्हणजे सगळ्या झोपल्या. सण संपला.

मी राजाला आडवं केलं तशी ती मागून ओरडली, "अहो, उत्तरेला डोकं? मेलाय का तो?"

"लाकूड आहे. लाकडाला कसली दिशा."

"लाकडाला नसेल. तुम्हाला आहे ना? वळवा."

वळवलं. तिने त्याच्यावर हिरव्या सॅटिनचा तुकडा घातला. आमच्या राजाचं पांघरूण तेच, सात वर्षं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "उद्या मंगळवार. मधवाली येईल. मधाची बरणी रिकामी झालीय, तेवढी घासून ठेवा."

"सरी, बरं," म्हटलं. घासली नाही.

सकाळी मी नळावरून पाणी भरून आलो तरी ती अंथरुणातच. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, कारण तोवर कळलं होतं. पेटेतल्या डॉक्टरने मनगट धरलं आणि सोडलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी म्हातारा झालो. परवा आमच्या समाजाच्या मंडळाकडून निरोप आला की इतिहासाचं पुस्तक निघणार आहे, जुन्या माणसांनी आठवणी लिहून द्याव्यात, सण कसे व्हायचे ते सांगावं. ही माझी आठवण. मी शिंपी माणूस, शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी घरात बोललो तेवढीच. टाका वाकडा गेला असेल तर तसाच राहू द्या. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर कागद परत करा.

चामराजपेटेत आमचं दुकान रस्त्याला लागून, मागे दोन खोल्या, त्यामागे परसात धुण्याचा दगड. माझ्या आज्याच्या आज्याच्या आधीपासून आम्ही या गावात. "आपण मराठी मुलखातून राजांबरोबर आलो," हे वाक्य आमच्याकडे मुलाला 'आई' शिकवतात तसं शिकवतात. मीही शिकलो होतो. मंडळात एक जुनी तलवार आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावून सगळे तिच्या पाया पडायचे. मी माझी कात्री तिच्याशेजारी नेऊन ठेवायचो आणि छाती फुगवून घरी यायचो. ती तलवार कुणावर चालली, हे मी विचारलं नाही. मंडळातल्या कुणीच विचारलं नसेल.

मंगळवारी एक बाई यायची. मागडीकडच्या डोंगरातली, रानात राहणाऱ्या इरुळिग लोकांतली. मोटारीने मार्केटला उतरून आमच्याकडे चालत यायची. डोक्यावर मध, शिकेकाई, केरसुण्या. माझ्या बायकोएवढीच असेल वयाने, पण दुकानाच्या पायरीवर बसायची ती गुडघे छातीशी घेऊन, लहान पोरीसारखी. मला अण्णा म्हणायची, हिला अक्का. हिची आणि तिची मैत्री मातीवरून झाली.

बायकोला बाहुल्या करायचं वेड. मूल नाही म्हणून बाहुल्या, असं लोक म्हणायचे. तोंडावर नाही, पण दुकानाचा पडदा पातळ असतो. म्हणोत. माझ्या बायकोने मूल असतं तरी बाहुल्या केल्याच असत्या. बाजारात तेव्हा प्लास्टरच्या बाहुल्या यायला लागल्या होत्या, गुलाबी गालांच्या, तेलरंगाने चमकणाऱ्या. ही मातीच्याच करायची. माती पेटेमागच्या उताराखालच्या तळ्यातली, आम्ही केरे म्हणतो त्यातली. पण ती वाळली की तडकायची, नाकं गळून पडायची. एका मंगळवारी मधवालीने तुटकं नाक हातात घेऊन बघितलं, बोटांनी चुरडलं आणि जिभेला लावलं.

"रेती आहे ग अक्का. कुठून आणतेस?"

"केरेतून. पायऱ्यांजवळून."

"पायऱ्यांजवळ लोक भांडी घासतात, ती रेती. पलीकडे जा. वाकडं जांभळाचं झाड आहे ना, त्याच्या खाली, पाणी हटलं की. तिथली माती तुपासारखी."

"तुला कसं ग माहीत?"

"आमची माणसं गावात आली की तिथेच उतरायची. माझी आजी झोपडी त्याच मातीने लिंपायची."

दोघी गेल्या. मधवालीने माती दाखवली, हिने तिला कापूस घालून माती कुटायची कशी ते दाखवलं, चिंचोक्याची खळ कशी शिजवायची ते सांगितलं. रंग घरचेच: गेरू, चुना, हळद, काजळी, धुण्याची नीळ. त्या वर्षापासून एक नाक पडलं नाही. जुनी बाहुली फुटलीच तर ही तिचे तुकडे भिजवून, घमेल्यात घालून त्याच जांभळाखाली नेऊन सोडायची. "उसनी आणलेली वस्तू," म्हणायची. बाकी गाव तोवर तळ्यात काय काय सोडायला लागलं होतं ते सांगत बसत नाही. रंगवलेले देव आठ-आठ दिवस पाण्यावर तरंगायचे, तोंड वर करून.

मधाच्या बदल्यात मी मधवालीला एक पोलकं शिवून दिलं. निळ्या चिटाचं. माप बायकोने घेतलं, मी वहीत लिहिलं. हे लक्षात ठेवा.

पुढे एका वर्षी मंडळाने दसऱ्याच्या मिरवणुकीत इतिहासाचा देखावा काढायचं ठरवलं. मंडळाचे मुख्य म्हणजे मामा. माझे सख्खे कोणी नव्हेत, सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची. ते स्वतः दुकानात आले.

"अरे, आपले राजे गावात शिरतात असा देखावा आहे. बैलगाडीवर लाकडाचा घोडा, त्यावर राजे. त्यांचा अंगरखा तू शिवायचास."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "शिवतो की मामा! जरीकाठ लावतो."

"आणि समोर चार जंगली लोक. गुडघ्यावर. हातात मध, फळं. राजांना नजराणा देतायत. त्यांना पानांचे घागरे आणि डोक्यावर पिसं."

"पानं दोन तासांत वाळतील मामा. हिरव्या सॅटिनची करतो. पान कापून एकावर एक टाचतो, लांबून खरी वाटतील."

"हुशार आहेस," मामा म्हणाले.

सहा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. एकेक पान कापलं, शिरा दोऱ्याने काढल्या. खोटं कशाला बोलू, सुंदर झाले होते घागरे. चारही दोरीवर टांगले आणि बायकोला हाक मारली.

ती मातीचे हात घेऊन आली. बघत राहिली.

"हे कुणाचे?"

"देखाव्यातल्या जंगली लोकांचे."

"कुठल्या जंगली लोकांचे?"

"कुठल्या म्हणजे? जंगलातल्या."

"वही काढा."

"कसली वही?"

"मापांची काढा. निळं चीट. छाती चौतीस, बाही सहा, गळा गोल. तुमच्याच हाताने लिहिलंय. मध घेऊन येते ती जंगलातली. तिला पोलकं शिवलंत आणि तिच्या आज्याला पानं?"

मी म्हटलं, "अग, हे जुन्या काळातलं आहे."

"तुम्ही होता?"

"मी कसा असेन?"

"मग पानं कुणी बघितली?"

आता एखादा शहाणा असता तर त्याने तिथेच कात्री चालवली असती. मी नाही चालवली. मी घागरे इस्त्री करून मंडळात नेऊन दिले. मामांनी पाठ थोपटली ती मला गोड लागली. सगळ्यांदेखत सांगतो, म्हणजे माझ्या नावावर नीट लिहिलं जाईल.

मिरवणूक मार्केटच्या रस्त्याने निघाली. समाजातलीच चार पोरं तोंडाला काजळी फासून, माझे घागरे घालून गाडीवर गुडघे टेकून बसली होती. लोक टाळ्या वाजवत होते. मी गाडीबरोबर चालत होतो, कुठे टाका उसवला तर हाताशी असावा म्हणून. आणि फुलबाजाराच्या तोंडाशी, केरसुण्यांचा भारा पायाशी ठेवून, निळं पोलकं घालून ती उभी होती.

तिने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या हातात सुई होती.

पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा मी मशीनवरून मान वर केली नाही. तीच बोलली.

"अण्णा, ते घागरे तू शिवलेस?"

"हो."

"बसायला टोचत नाहीत ना?"

"सॅटिन आहे. टोचत नाही."

"मग बरं. खऱ्या पानांवर बसून बघ एकदा," ती म्हणाली आणि हसायला लागली. इतकं हसली की बायको आतून बाहेर आली, मग दोघी हसल्या. मला वाटलं, सुटलो. पण हसू पुसून ती म्हणाली, "आमच्या माणसांनी मध दिला असेल तुमच्या राजाला. आलेल्याला देतातच. गुडघे कशाला टेकतील? गुडघे टेकले तर मधाचं भांडं सांडतं."

बायकोने तिला पाणी दिलं. ती पाणी पिऊन पुढे म्हणाली, "या गावात ज्याला विचारावं तो सांगतो आम्ही इकडून आलो. तुम्ही मराठे देशातून आलात. तो कोमटी शेट्टी तेलुगू मुलखातून आला. छावणीतले तमिळ लोक मद्रासकडून. सगळ्यांना यायची गोष्ट आहे, आणि केवढ्या ऐटीत सांगता. आम्हाला ती गोष्टच नाही अण्णा. आम्ही कुठून आलोच नाही."

मग ती सहा मंगळवार फिरकली नाही. सातव्या मंगळवारी आली, मध दिला, पण पायरीवर बसली नाही.

त्या सहा आठवड्यांत बायको माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, सगळं होतं. फक्त दुकानात यायची नाही. वर्ष उलटेपर्यंत काय शिजत होतं ते मला कळलं नाही. पुढच्या नवरात्रात घटस्थापनेच्या सकाळी तिने पाचही पायऱ्या मांडल्या, पांढरं धोतर अंथरलं आणि मला म्हणाली, "बघा, आणि चुकलं असेल तर सांगा."

सगळ्यांकडे राजा-राणी सगळ्यांत वर असतात, देवांच्या बरोबरीला. हिच्या वरच्या पायरीवर मातीचा एक गोळा. नुसता गोळा, नारळाएवढा, ना डोळे ना नाक. दुसऱ्या पायरीवर मधवाली. गुडघे छातीशी घेऊन बसलेली, निळं पोलकं, शेजारी मधाचं भांडं. तिसऱ्यावर तळं खणणारी माणसं, डोक्यावर पाट्या. चौथ्यावर राजा-राणी, आईकडून आलेले, तूप लावून चकचकीत केलेले. आणि सगळ्यांत खाली मशीनवर वाकलेला एक शिंपी, त्याच्याशेजारी एक बाई, हातात मातीचं घमेलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"आले तसे बसवले. आधी आला तो वर."

"आणि देव?"

"देव देव्हाऱ्यात आहेत. त्यांना रांगेत कशाला उभं करायचं?"

"आणि हा गोळा?"

"सगळ्यांच्या आधी तोच होता."

मी एकेक पायरी तपासली. शेवटी एकच चूक सापडली. "माझं पोट एवढं सुटलेलं नाही."

"सुटलंय," ती म्हणाली.

मग मी काय केलं ते सांगतो. मंडळात गेलो, चारही घागरे मागितले. म्हटलं, टाके उसवलेत, दुरुस्त करून देतो. घरी आणून कात्रीने फाडले. दुसऱ्यांदा विचार केला नाही. त्यातलाच एक तुकडा राजाचं पांघरूण झाला.

त्या दिवशी कुंकवाला पहिली आली ती मामांची बायको, मामी, आणि तिच्याबरोबर पाचसहा जणी. मामीने पायऱ्या बघितल्या.

"अग, राजा चौथ्या पायरीवर? आणि वर चिखल?"

"माती आहे मामी."

"आणि ही कोण बसलीय? ती केरसुण्यावाली?"

"हो. बसा ना. उसळ गरम आहे."

मामीने कुंकू लावून घेतलं, उसळीला हात लावला नाही. तासाभराने मामा आले. घागऱ्यांचं त्यांना अजून कळलं नव्हतं, ते मी आधीच सांगून टाकलं.

"फाडलेस?" मामा म्हणाले. "मंडळाचे कपडे फाडलेस?"

"कापड माझं, शिलाई माझी. मंडळाने शाबासकी दिली होती, ती परत घ्या."

"अरे, बायकोचं ऐकून इतिहास बदलतोस? आपले राजे आले तेव्हा इथे काय होतं? रान आणि दगड!"

"आणि तळं," आतून बायको म्हणाली. "राजांनी आल्यावर पाणी कुठलं प्यायलं मामा?"

मामांनी तिच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, "राजाला वर ठेव. नाहीतर या घरात आपल्या बायका कुंकवाला येणार नाहीत. आणि एक लक्षात ठेव, माणसाला शेवटी चार खांदे लागतात."

इथे मी घाबरलो. लपवत नाही. आम्हाला मूल नाही, भाऊबंद तंजावरकडे. चार खांदे म्हणजे हीच माणसं. मी बायकोकडे वळलो. तिने खालच्या पायरीवरची दोघं, शिंपी आणि त्याची बाई, उचलून माझ्या हातात दिली. म्हणजे, राजा वर न्यायचा असेल तर आधी आम्हाला पायऱ्यांवरून उतरवा.

मी ती दोघं परत जागेवर ठेवली. मामांना म्हटलं, "राजा आला तेव्हा चौथा आला. चौथाच बसेल."

सात वर्षं आमच्याकडे समाजातली एक बाई कुंकवाला आली नाही. बायको दर वर्षी चाळीस जणींची उसळ करायची. चाळीसच. कमी कर म्हटलं तर म्हणायची, "कमी केली तर त्या जिंकल्या." येणाऱ्या कोण? परटीण, फुलवाली, शेजारच्या बस कंडक्टरची बायको तिच्या तीन मुलींसकट, आणि नवरात्रातल्या मंगळवारी मधवाली. ती पहिल्यांदा आली तेव्हा स्वतःकडे किती वेळ बघत होती. मग म्हणाली, "अक्का, माझं नाक एवढं मोठं आहे?" आणि त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसली. रस्त्याकडे तोंड करून, गुडघे छातीशी. उरलेली उसळ आम्ही चार दिवस खायचो. मला अजून चण्याचा वास सहन होत नाही.

त्या सात वर्षांत दुकानाचं गिऱ्हाईक अर्धं झालं. तळंही अर्धं झालं. लॉऱ्या यायच्या, पडक्या घरांचे दगडविटा ओतायच्या, घरांसाठी जागा करायला. जांभळाचं झाड शिल्लक होतं, त्याच्यामागे भराव. बायको म्हणायची, "उद्या यांना पायरीवर कुठे बसवायचं हो? लॉऱ्यांना?" मी म्हणायचो, आपल्या खाली. "आपल्या खाली पायरी नाही," ती म्हणायची. "जमीन आहे."

आता त्या मंगळवारचं.

डॉक्टर गेला आणि मी दाराशी बसलो. कुणाला सांगायला जायचं ते सुचेना. चार खांदे म्हटलं होतं मामांनी. कंडक्टर माझ्याशेजारी येऊन बसला, तो एक. परीट दोन. मी तीन. चौथा मोजत होतो तेवढ्यात मामा आले. त्यांच्या मागे मंडळाची सगळी माणसं, बांबू, दोरी, मडकं घेऊन. मामा स्वतः वाकून दोरी बांधायला लागले. हे लिहायलाच हवं. ते आले. समाज मोठा आहे, आणि मेलेल्या माणसाशी तो फार चांगला वागतो.

बायकाही आल्या. सात वर्षांनी मामीने आमचा उंबरा ओलांडला. बायकोला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. त्यांनी तिला नीट निजवलं. उत्तरेला डोकं करून.

आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा दुकानाच्या फळीवर मधवाली बसली होती. सकाळीच आली होती, कुणी आत बोलावलं नव्हतं, ती गेलीही नव्हती. आत पायऱ्या नव्हत्या. सुतकाच्या घरात बोंबे नकोत म्हणून बायकांनी त्या आवरून ठेवल्या होत्या. पेटी उघडून बघितली. सगळ्या बाहुल्या नीट गुंडाळलेल्या. मधवालीची बाहुलीसुद्धा, मऊ चिंधीत, नाक सांभाळून. मी मामीला मनातून बोल लावणार होतो, तो गिळला.

मामा निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिचा हट्ट तिच्याबरोबर गेला. आता मनात काही ठेवू नकोस. पुढच्या वर्षी राजा वर बसव, सगळ्या जणी येतील. मी सांगतो."

प्रेमाने म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. त्यांना वाटलं, आपण मला परत घरात घेतोय.

सगळे गेल्यावर मधवाली फळीवरूनच म्हणाली, "अण्णा, वरचा गोळा पेटीत नाही."

"कशावरून?"

"मी बघत होते. त्यांनी तो परसात टाकला. माहीत नव्हतं त्यांना. मातीच होती ती."

परसात गेलो. धुण्याच्या दगडाजवळ, बायकोला न्हाऊ घातलेलं पाणी जिथून वाहून गेलं तिथे, मातीचा एक पातळ थर पसरला होता. गोळा विरघळला होता. मी बोटाने खरवडायला लागलो. मधवालीने माझं मनगट धरलं. "ती आता गटारातून केरेत जाईल. जाऊ दे." मग तिने आणलेला मध दिला. बरणी घासलेली नव्हती. तशीच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी बायकोचं घमेलं उचललं. सुतकी माणसाने दहा दिवस घराबाहेर पडू नये, दुकान उघडू नये, हे मला माहीत आहे. उताराने तळ्यावर गेलो. लॉरी आली होती, विटा ओतत होती. हाकणारा ओरडला, "ए अज्जा, बाजूला हो!" मी त्या वेळी अज्जा म्हणण्याएवढा म्हातारा नव्हतो. बाजूला झालो नाही. जांभळाखाली गुडघे टेकले. मातीसाठी टेकले, दुसऱ्या कुणासाठी नाही. हाताने उकरली. वरची बोटभर विटांची भुकटी होती, तिच्याखाली तुपासारखी.

घरी येऊन दुकानाच्या फळ्या काढल्या. पाचही पायऱ्या आतल्या खोलीत नाही, रस्त्याच्या तोंडाशी मांडल्या. धोतर अंथरलं. पेटी उघडली आणि खालून सुरुवात केली. शिंपी. त्याची बाई. राजाला उठवलं, हिरवा तुकडा काढला, राणीशेजारी चौथ्या पायरीवर उभा केला. पाट्यावाले. मधवाली. मग मातीचा गोळा केला. बायकोच्या हाताचा झाला नाही, एका बाजूला चपटाच राहिला. तसाच सगळ्यांत वर ठेवला.

मामा देवळाकडे निघाले होते. थांबले.

"अरे, हे काय? सुतक आहे तुला. आणि सण संपला."

"संपला नाही," मी म्हटलं. "राजा उठलाय, बघा."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मातीच्या हातांनीच आत गेलो आणि चणे भिजत घातले. चाळीस जणींचे.